बुडापेस्टच्या दोन रात्री

रविवार, २५ मे २०२५

आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या 'रन फॉर युअर लाइव्ह्ज' दौऱ्याचा पहिला कार्यक्रम मंगळवारी बुडापेस्टमध्ये, आणि आम्ही आज दुपारीच इथे येऊन थडकलो. सप्टेंबर २०२४ मध्ये तारखा जाहीर झाल्या तेव्हा यादीत सगळ्यांत वर बुडापेस्ट होतं. दादाने एका वाक्यात निकाल लावला: "जायचं तर इथेच, आणि दोन्ही रात्री." लंडन, पॅरिस ही शहरं आम्हाला जास्त सोयीची होती. पण दौऱ्याची पहिली रात्र फक्त एकाच शहराच्या वाट्याला येते. त्या रात्री कुठली गाणी, कुठल्या क्रमाने वाजणार हे प्रेक्षकांत कुणालाही ठाऊक नसतं. कार्यक्रम संपून तास उलटायच्या आत गाण्यांची यादी जगभर पोचते आणि पुढच्या शहरांतले लोक ती पाठ करून येतात.

यंदा तर उत्सुकता जास्तच होती. बेस गिटार वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसने २५ डिसेंबर १९७५ ला पूर्व लंडनमध्ये हा बँड सुरू केला, म्हणजे हे पन्नासावं वर्ष. त्यानिमित्त १९८० ते १९९२ या काळातल्या पहिल्या नऊ अल्बममधलीच गाणी वाजवणार, एवढंच त्यांनी सांगून ठेवलं होतं. तेवढ्यावर आम्ही दोघांनी कितीतरी रात्री याद्या करण्यात घालवल्या आहेत.

तिकिटं काढली तेव्हा ड्रमवर निको मॅकब्रेन असणार हे गृहीत होतं. १९८२ पासून तो या बँडचा ड्रमर. जानेवारी २०२३ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, तरी त्याच वर्षी तो पुन्हा दौऱ्यावर उतरला. मग ७ डिसेंबर २०२४ ला साओ पावलोच्या कार्यक्रमाआधी त्याने दौऱ्यांतून निवृत्ती जाहीर केली. त्याच्या जागी सायमन डॉसन आला. हॅरिसचा 'ब्रिटिश लायन' नावाचा दुसरा बँड आहे, त्यातला हा ड्रमर. दादाला ही बातमी फार लागली. मलाही वाईट वाटलं, पण एक कुतूहलही जागं झालं: चाळीसहून अधिक वर्षं एकाच माणसाच्या हातून वाजलेली गाणी दुसऱ्याच्या हातात कशी वाटतील? हे पहिल्यांदा ऐकणाऱ्यांत आपण असणार, या विचाराने मला इकडे यायची घाई झाली होती.

विमानतळावरून बसने देआक चौकात आलो, सामान टाकलं आणि संध्याकाळी डॅन्यूबच्या काठाने दोन नंबरच्या ट्रामने संसद भवनापर्यंत गेलो. शहर सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण ट्राममध्येच एडीचं, म्हणजे बँडच्या त्या भेसूर मानचिन्हाचं, चित्र असलेले तीन टी-शर्ट दिसले आणि आमचं लक्ष नदीवरून उडालं.

सोमवार, २६ मे

आज कार्यक्रमाची जागा बघायला गेलो. देआक चौकातून मेट्रोच्या एम-दोन मार्गावर केलेती स्टेशनच्या पुढचा थांबा पुश्काश फेरेन्स स्टेडियम. बाहेर पडलं की समोरच पप लास्लो स्पोर्टअरेना: साडेबारा हजार माणसं मावतील असं बंदिस्त सभागृह. इथे पूर्वी दुसरं क्रीडागृह होतं, ते डिसेंबर १९९९ मध्ये आगीत जळालं. मग २००३ मध्ये हे नवं उभं राहिलं आणि त्याला तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवणाऱ्या मुष्टियोद्ध्याचं नाव दिलं. मागच्या अंगाला लांबच लांब ट्रेलर उभे होते. दारं बंद होती, तरी कुंपणापाशी रेंगाळणारे आम्ही दोघेच नव्हतो.

माझ्या मनात मात्र शेजारची जागा जास्त होती. अरेनाला लागूनच २०१९ मध्ये उघडलेलं नवं पुश्काश स्टेडियम आहे. तिथेच पूर्वी नेपश्टादिओन, म्हणजे जनतेचं स्टेडियम होतं. १९५४ च्या मे महिन्यात फुटबॉलपटू पुश्काशच्या हंगेरीने इंग्लंडला सात-एकने हरवलं ते याच मैदानावर. आणि २७ जुलै १९८६ ला क्वीन हा ब्रिटिश रॉक बँड गायला तोही याच मैदानावर. पोलादी पडद्याच्या या बाजूला पाश्चात्त्य रॉक बँडचा एवढा मोठा स्टेडियम-कार्यक्रम तेव्हा अपूर्वाईचा होता. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी याने त्या रात्री एक हंगेरियन लोकगीत गायलं. शब्द तळहातावर लिहून घेतले होते त्याने, आणि पहिली ओळ ऐकताच सगळं स्टेडियम त्याच्याबरोबर गाऊ लागलं. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पियानो शिकलेला, तिथेच मुलांच्या बँडमध्ये पहिल्यांदा वाजवलेला मुलगा इथे येऊन हजारो हंगेरियनांना त्यांचंच गाणं ऐकवतो, ही गोष्ट मला कितीही वेळा सांगितली तरी तितकीच विलक्षण वाटते. पाचगणीच्या त्या रस्त्यावरून आम्ही दोघं लहानपणी गेलो होतो, तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. जुनं स्टेडियम आता नाही, पण परिसरात त्या राजवटीच्या काळातले खेळाडूंचे भारदस्त पुतळे अजून उभे आहेत. त्यांच्यामधून आम्ही बराच वेळ चालत होतो.

मेडनही पडदा असतानाच इथे आले होते, क्वीनच्या दोन वर्षं आधी. ९ ऑगस्ट १९८४ ला त्यांनी वॉर्सातून 'वर्ल्ड स्लेव्हरी' दौरा सुरू केला आणि त्याच महिन्यात बुडापेस्टला वाजवलं. त्या काळी ब्रिटिश हेवी मेटल बँडने आपलं पूर्ण सामान, दिवे आणि स्टेज घेऊन या देशांत यायचं म्हणजे केवढं धाडस! आज त्यांच्या जगभरच्या श्रोत्यांचा हिशेब करताना लोक मोठमोठी स्टेडियम मोजतात. मला वाटतं, या निष्ठेची मुळं अशा दौऱ्यांत आहेत. जिथे कुणी जात नव्हतं तिथे हे गेले, आणि तिथल्या लोकांनी ते लक्षात ठेवलं.

मंगळवार, २७ मे

सकाळ कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. दुपारी लवकरच रांगेत जाऊन उभे राहिलो.

रांगेत उभं राहणं हा कार्यक्रमाचाच भाग आहे असं मी मानते. पाठीवर जुन्या दौऱ्यांची कापडी बोधचिन्हं शिवलेली डेनिमची जाकिटं, पोलिश, स्पॅनिश, पोर्तुगीज बोलणारे घोळके, एका कुटुंबात आजोबा-मुलगा-नातू तिघेही एडीच्या टी-शर्टमध्ये. आमच्या पुढे साठीचे एक हंगेरियन गृहस्थ होते. १९८४ ला ते शाळेत होते आणि त्या कार्यक्रमाला गेले होते. त्या वेळी एखाद्याकडे असलेल्या रेकॉर्डवरून कॅसेट, त्या कॅसेटवरून दुसरी, अशी गाणी हातोहात फिरायची. त्यांच्यापर्यंत पोचलेल्या कॅसेटमध्ये आवाजापेक्षा खरखर जास्त होती, असं ते मुलाच्या मदतीने इंग्रजीतून आम्हाला सांगत होते. दादाने त्यांना २००८ ची गोष्ट सांगितली. 'समव्हेअर बॅक इन टाइम' हा दौरा १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानात सुरू झाला होता, आणि बँडचं बोईंग ७५७ विमान गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः चालवत होता. त्या रात्री आम्ही दोघं मैदानात होतो. दौऱ्याच्या पहिल्या रात्रीचं वेड लागलं ते तिथेच. गृहस्थांनी दादाचा हात हातात घेऊन जोरात हलवला. मग दारं उघडली आणि सगळेच पळत सुटले.

आम्हाला स्टेजपासून बरंच जवळ, थोडं डावीकडे उभं राहायला मिळालं. आधी हेलस्टॉर्म हा अमेरिकी बँड वाजला. लिझी हेलचा आवाज एवढा दमदार आहे की नंतर कोण येणार आहे ते काही मिनिटं विसरायला झालं. दुसऱ्या कुणाच्या श्रोत्यांसमोर असं गाणं सोपं नसतं.

मग स्पीकरवर यूएफओ बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' लागलं. मेडनच्या श्रोत्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही: हे संपलं की दिवे जातात. पूर्ण गाणं सगळं सभागृह गायलं, आणि दिवे गेले.

या वेळी मागे रंगवलेल्या पडद्यांच्या जागी प्रचंड मोठा डिजिटल पडदा होता. त्यावर पूर्व लंडनचे जुने रस्ते सरकू लागले, बँड सुरुवातीच्या काळात जिथे वाजवायचा ते पब त्यात होते. 'दि आइड्स ऑफ मार्च'चा वाद्यमेळ ऐकू आल्याबरोबर दादाने माझा खांदा घट्ट धरला. हा तुकडा १९८१ च्या अल्बमची सुरुवात, म्हणजे पुढचं गाणंही त्यातलंच असणार. आणि तसंच झालं: 'मर्डर्स इन द रू मॉर्ग'. आमच्या असंख्य याद्यांपैकी एकीतही आम्ही हे पहिलं लिहिलं नव्हतं.

त्यामागोमाग 'रॅथचाइल्ड', मग 'किलर्स', मग 'फँटम ऑफ द ऑपेरा'. सलग चार गाणी पहिल्या दोन अल्बममधली, म्हणजे पॉल डिआनो गायक असतानाची. डिआनो ऑक्टोबर २०२४ मध्ये गेला. स्टेजवरून कुणी काही म्हणण्याची गरजच नव्हती, त्या चार गाण्यांनी सांगायचं ते सांगून टाकलं. 'किलर्स' त्यांनी १९९९ नंतर पहिल्यांदा वाजवलं. ते चालू असताना हातात कुऱ्हाड घेऊन अवाढव्य एडी स्टेजवर फिरायला लागला आणि आमच्या मागून असा लोंढा आला की माझे पाय जमिनीवरून उचलले गेले. बाजूच्या एका उंच मुलीने मला धरून पुन्हा उभं केलं. नाव विचारायला वेळ नव्हता.

आणि ड्रम? पहिल्या दोन गाण्यांत मी दुसरं काही ऐकतच नव्हते. डॉसनचा ड्रमसेट निकोच्या मानाने लहान, त्यामुळे माणूस दिसतो तरी. तो लय धरून ठेवतो. निको गाण्याला सतत पुढे ओढायचा, त्याच्या ठेक्यात अंगणभर धावत सुटलेल्या मुलासारखा आनंद असायचा. डॉसनचा हात जड आणि शांत. गाणी रेकॉर्डवर आहेत त्या गतीच्या जवळ वाजली, आणि जुन्या गाण्यांना ते शोभलं. एक-दोन जागी सम गाठताना सगळे एकमेकांकडे बघत होते. मला ते फार आवडलं. पन्नास वर्षं मुरलेल्या माणसांनाही पहिल्या रात्री एकमेकांचा अंदाज घ्यावा लागतो आणि तो घेताना आपल्याला दिसतो, हे भाग्य पहिल्या रात्रीचंच.

कार्यक्रमाआधी बँडच्या व्यवस्थापकांनी फोन खिशात ठेवण्याची विनंती केली होती. आमच्या आसपास बहुतेकांनी ती पाळली. हात हवेत होते ते रिकामे. मी या विनंतीच्या शंभर टक्के बाजूची आहे.

आता 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर'. कोलरिजच्या १७९८ मधल्या दीर्घकवितेवर हॅरिसने रचलेलं, १९८४ च्या अल्बमवरचं तेरा मिनिटांहून मोठं गाणं. २००९ नंतर ते त्यांनी वाजवलंच नव्हतं. आम्ही ते प्रत्यक्ष ऐकलं होतं ते मुंबईत. त्यानंतर दादाची दोन मुलं मोठी झाली, आमचे बाबा गेले, आणि मी हे गाणं प्रवासात, रात्री, आजारपणात, किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. पहिला स्वर आला तेव्हा दादाने माझ्याकडे बघितलं नाही, मीही त्याच्याकडे नाही. मधल्या संथ भागात जहाज वारा पडून समुद्रात अडकतं. गिटारी थांबतात, बेस हळू चालतो, लाकूड करकरतं, कवितेच्या ओळी बोलल्या जातात. बारा हजार माणसांचं सभागृह तेव्हा खरोखर स्तब्ध होतं. मग बेस पुन्हा चढायला लागतो आणि ब्रूसचा आवाज त्याच्यावर स्वार होतो. हा माणूस सहासष्ट वर्षांचा आहे आणि दहा वर्षांपूर्वी त्याच्या जिभेच्या मुळाशी झालेल्या कर्करोगावर उपचार झालेत. त्या वरच्या स्वरावर तो नुसता पोचला नाही, तिथे थांबला.

पुढचं सगळं वेगाने गेलं. 'द ट्रूपर'मध्ये लाल लष्करी कोटातला एडी, 'हॅलोड बी दाय नेम'मध्ये पिंजऱ्यात कोंडलेला, फाशीची वाट बघणारा ब्रूस. थोड्या विश्रांतीनंतर चर्चिलच्या भाषणाचा तुकडा आणि 'एसेस हाय', मग 'फिअर ऑफ द डार्क', ज्यात गिटारची धून प्रेक्षकच गातात आणि गिटारवाले त्यांना साथ करतात. शेवटी 'वेस्टेड इयर्स'. हे बँडचा गिटारवादक अ‍ॅड्रियन स्मिथने लिहिलं ते त्या 'वर्ल्ड स्लेव्हरी' दौऱ्यानंतर, जवळपास वर्षभर घरापासून दूर राहून आलेल्या थकव्यातून. तोच दौरा, जो ऑगस्ट १९८४ मध्ये या शहरातून गेला होता. रांगेतले ते गृहस्थ कुठे दिसतात का म्हणून मी वळून बघितलं, पण एवढ्या गर्दीत ते शक्यच नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा मेट्रोच्या जिन्यावर शेकडो लोक गात होते. मला बोलताच येत नव्हतं, घसा पार बसला होता.

बुधवार, २८ मे

दुसऱ्या रात्रीची तिकिटं बाजूच्या वरच्या खुर्च्यांची होती. हे आम्ही मुद्दाम केलं होतं.

यादी तीच, क्रम तोच. हे अपेक्षितच होतं, कारण या बँडच्या कार्यक्रमात दिवे, पडदा, एडी सगळं गाण्यांना बांधलेलं असतं. तरी मला तो वेगळाच कार्यक्रम वाटला. काल मी काय येतंय याची वाट बघत होते, आज जे चाललंय ते ऐकत होते. काल स्टेजजवळ बेस आणि ड्रम छातीवर आदळत होते आणि त्यात तीन गिटारींचा गोळा होत होता. आज वरून प्रत्येक गिटार वेगळी कळत होती. डेव्ह मरीचे गुळगुळीत, सलग सूर. स्मिथचे तोलून-मापून टाकलेले. आणि यानिक गर्स वाजवतो कमी, नाचतो जास्त, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा बाजूने बसून त्याला ऐकावं.

हॅरिसची बोटं मी गाणीच्या गाणी बघत होते. तो प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडायची छोटी पट्टी, वापरत नाही. उजव्या हाताच्या दोन बोटांनी ती घोडदौडीची लय काढतो आणि ती दोन तास चालते. वय एकोणसत्तर. एक पाय स्पीकरवर, प्रत्येक गाण्याचा प्रत्येक शब्द ओठांवर, आणि बेस बंदुकीसारखी प्रेक्षकांवर रोखलेली. हा बँड त्याच्या बोटांवर चालतो हे वाचलेलं होतं, आज डोळ्यांनी पाहिलं.

डॉसनही आज मोकळा वाटला. 'फँटम'मधल्या लयबदलाच्या जागी काल सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या होत्या. आज कुणी वळून पाहिलं नाही. शेवटी तो पुढे आला तेव्हा उठलेल्या टाळ्या कालच्यापेक्षा लांबल्या. दादा उभा राहून टाळ्या वाजवत होता. निकोचं नाव असलेला टी-शर्ट घालून आलेला माणूस आहे तो, त्यामुळे मला त्या टाळ्यांचं मोल कळत होतं.

मला एकच गोष्ट खटकली. काही गाण्यांत मागचा पडदा एवढी गोष्ट सांगत होता की नजर वाजवणाऱ्यांवरून हटत होती. रंगवलेले पडदे स्थिर असायचे, माणूस त्यांच्यासमोर मोठा दिसायचा. 'राइम'च्या वेळी पडद्यावरच्या जहाजाने मला आत ओढलं हे खरं, पण दोन-तीन ठिकाणी मी ठरवून खाली, त्या सहा माणसांकडे बघितलं.

गुरुवार, २९ मे

परतीचं विमान व्हिएन्नाहून, म्हणून सकाळी केलेती स्टेशनवर आलो. फलाटावर दौऱ्याचे नवे टी-शर्ट घातलेली पोरं बसली होती, पाठीवर शहरांची लांबलचक यादी, बुडापेस्ट सगळ्यांत वर. ३१ तारखेला प्रागला कार्यक्रम आहे, तिकडे निघालेली. दुसऱ्या रात्री काही बदललं का, असं त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, काही नाही. मी म्हटलं, ड्रम बदलले. त्यावर त्यांच्यातला एक ड्रम वाजवणारा निघाला आणि गाडी येईपर्यंत आमची चर्चा रंगली. 'किलर्स' कालच्या गतीने बरं की परवाच्या, यावर त्याचं आणि माझं एकमत झालं, दादाचं झालं नाही.

गाडीत दादा अजून तेच म्हणत होता: पहिली रात्र ती पहिली रात्र, 'आइड्स ऑफ मार्च' अचानक कानावर पडण्याची सर कशालाच नाही. मला ते मान्य आहे. तरी दोन्हींतली एकच निवडायला सांगितली तर मी दुसरी निवडेन, कारण तिच्यात मी जास्त संगीत ऐकलं. व्हिएन्ना येईपर्यंत तडजोड ठरली. पुढच्या दौऱ्याला पुन्हा दोन रात्री, आणि 'राइम' वाजणार असेल तर दोन्ही वेळा तो पुढे उभा राहणार आणि मी वरची खुर्ची घेणार.